बोटभर उतरलेली रेघ

३ मार्च

ती. काका,

लांबूनच पाया पडते. आधी खुर्चीत बसा, चष्मा लावा आणि हे पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवा, कारण बातमीच तशी आहे.

आपल्या मुख्याध्यापिकाबाईंची मोटारगाडी इथे पोचली! तुम्ही आणि बाबांनी ठोकलेल्या चाळीस गाड्यांपैकी जगात धड उरलेली ही एकच, आणि ती आमच्या संग्रहालयाच्या आवारात पेटीतून बाहेर निघाली तेव्हा मी शेजारी उभी होते. साधा ओरखडासुद्धा नाही. आमचे संचालक तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, ‘वा!’ हा माणूस स्वतःच्या लग्नातही ‘वा’ म्हणाला नसेल.

ऑक्टोबरात मोठं प्रदर्शन आहे, जगातल्या निवडक पन्नास गाड्यांचं. प्रत्येक देशाचं वेगळं दालन. आपली गाडी तिसऱ्या दालनात, खिडकीजवळ, सगळ्यात चांगल्या जागी. तुम्ही ज्यांना पांढरबुटे म्हणायचात ते साहेब इथले गाड्या आखणारे फार मोठे रेखाकार मानले जातात. त्यांच्या आणखी नऊ गाड्या त्याच दालनात आहेत, त्यांच्या मुलाने दिलेल्या. त्या रांगेत आपली गाडी! बाबा असते तर किती खूश झाले असते.

गाडीपुढची पाटी मीच लिहिणार. तेच माझं काम, खाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरं येतात. कच्चा मजकूर सोबत पाठवते. आणि एक विनंती. ज्या लाकडी साच्यावर तुम्ही पत्रा ठोकायचात, तो अजून तुमच्या शेडमध्ये आहे ना? संचालकांना तो गाडीशेजारी ठेवायचाय. द्याल ना?

तुमची
भोंपू


१९ मार्च

चि. भोंपू,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात आखडून आहेत.

तुझं पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. पाटीपर्यंत. पुढे माझा आवाज इतका चढला की तिने कागदच काढून घेतला. ‘देश’ या शब्दापुढे तू कुणाचं नाव लिहिलंयस? पांढरबुट्याच्या देशाचं? अगं, त्या देशाने त्या गाडीला कधी बोट तरी लावलं होतं का? पत्रा इथे कापला, इथे ठोकला, इथे रंगवला. माझ्या डाव्या कानाने ऐकू येत नाही ते त्या ठोकाठोकीपायी. आणि दालन त्यांचं! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

पांढरबुट्या काय करायचा ते सांगतो. वर्षातून दोनदा यायचा. पत्र्याच्या कारखान्यात पांढरे बूट घालून येणारा मी आयुष्यात पाहिलेला तो एकच माणूस. बूट मळू नयेत म्हणून फरशीवर कागद अंथरायचा, त्यावर उभा राहून सूचना द्यायचा आणि कागद गुंडाळून परत जायचा. मूल कुणाचं गं? आईचं, की ज्याने नाव सुचवलं त्याचं?

साचा मिळणार नाही. पाटी बदल, मग बघू. मुख्याध्यापिकाबाईंच्याही कानावर घालून आलोय. त्या म्हणाल्या, ‘गाडी प्रदर्शनापुरती दिलीय, अक्कल गहाण टाकलेली नाही.’

तुझा
काका


६ एप्रिल

ती. काका,

रागावलात तरी पत्र धाडलंत, हे काय कमी आहे?

नियम मी केलेला नाही. संग्रहालयाचा आहे: गाडी ज्याने आखली त्याच्या देशाची. आणि खरं सांगू का, मला तो पटतो. ठोकणारे दुसरे असते तरी गाडी तशीच झाली असती. आखणारा दुसरा असता तर ती गाडी झालीच नसती. इंजिन तिसऱ्याच देशातून आलं होतं, काचा चौथ्यातून. प्रत्येकाचा झेंडा लावत बसलो तर झेंड्यांखाली गाडी दिसायची नाही.

आणि गाडीचं नाव कशामुळे झालं? त्या रेघेमुळे. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत अंगावरून धावणारी ती एकच धारदार रेघ. लोक ती बघायला येणार आहेत. ती साहेबांच्या डोक्यातून आली. तुमच्या आणि बाबांच्या हातांचा मला अभिमान आहे, काका, पण हात म्हणजे डोकं नव्हे.

पाठवा ना साचा. असं काय करता?

भोंपू


२० एप्रिल

भोंपू,

‘हात म्हणजे डोकं नव्हे.’ हे वाक्य तू लिहिलंस, वर पाकिटाला डिंक लावून पाठवलंस. तुझ्या बापाचीच मुलगी ना तू?

मग ऐक. दादाने तुला कधी सांगितलं नाही आणि मला सांगू दिलं नाही. आता तो नाही, आणि मी काही त्याच्याइतका सज्जन नाही.

पांढरबुट्याने काढलेली गाडी गुळगुळीत होती, साबणाच्या वडीसारखी. रेघबिघ काही नाही. मालकाने आणलेला पत्रा निघाला ठरल्यापेक्षा पातळ. एवढा मोठा सपाट पत्रा पातळ असला की त्याला पोट सुटतं. दार लावलं की डबडब वाजायचं. हात टेकला की आत जायचं, हात काढला की टप्पकन बाहेर. मालक कपाळाला हात लावून बसला. दादा दोन दिवस तो पत्रा दाबून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने कागदाचा एक कपटा घेतला, मधोमध घडी घातली, पुन्हा उलगडला आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘वाकव आता.’ वाकेना. घडी पडलेला कागद ताठ राहतो, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण ती घडी गाडीला घालायची, पुढून मागपर्यंत, आणि शोभेल अशी घालायची, हे त्याच दिवशी त्याच डोक्यात आलं. ती रेघ तुझ्या बापाची आहे. ठोकली हातांनी, काढली डोक्याने.

आता बोल. तुझ्याच नियमाने बोल. ज्याने आखली त्याच्या देशाची ना?

पण तुला कशाला पटेल! तिकडचा पासपोर्ट घेतलास म्हणे. तुझ्या मावशीकडून कळलं. मग त्यांचाच नियम खरा वाटणार.

काका


८ मे

काका,

पासपोर्ट मागच्या वर्षी घेतला. लपवला नाही. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मी कुठली हे मी ठरवेन, इथली कचेरी नाही आणि तुम्हीही नाही. हा विषय इथे संपला.

आता रेघ. तुमचं पत्र मी कामाच्या जागी वाचलं आणि तिथेच रडले, नावाला जागून, मोठ्याने. मग डोळे पुसले आणि थेट दफ्तरखान्यात जाऊन साहेबांचा मूळ आराखडा काढून घेतला. काका, त्यावर रेघ आहे. कोपऱ्यात तारीख आहे, तुमच्या कारखान्यात पहिला पत्रा कापला त्याच्या वर्षभर आधीची. सही आहे, शिक्का आहे. इतकंच काय, मागच्या दारापाशी रेघ बोटभर खाली उतरते आणि शेपटीकडे पुन्हा वर जाते, तेसुद्धा जसंच्या तसं. त्या उतारावर इथल्या एका जाणकाराने पानभर लिहिलंय. ‘उडी मारण्याआधी घोड्याने घेतलेला श्वास’ म्हणतो तो.

तुम्ही खोटं बोलाल असं मला वाटत नाही. पण भावाच्या मायेपोटी माणसाला चुकीचं आठवू शकतं. संचालकांपुढे मी नुसती आठवण घेऊन जाऊ शकत नाही. कागदाला उत्तर म्हणून कागद लागतो, नाहीतर वस्तू. आहे काही? असेल तर सांगा, मी इथे कुणाशीही भांडेन. नसेल तर बाबांच्या नावाने मला खोटी आशा लावू नका.

भोंपू


२ जून

चि. भोंपू,

मी काकू. यांना न विचारता लिहितेय.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस होऊन गेले. ते घोड्याच्या श्वासाचं वाचून हे आधी खो खो हसले, ठसका लागेपर्यंत. मग एकदम उठून बाहेर गेले. तेव्हापासून शेडमध्ये त्या साच्यापाशी जाऊन बसतात. एरवी हाक मारायच्या आधी पाटावर येणारा माणूस, आता जेवायला तीनदा बोलवावं लागतं. काल म्हटलं, ‘काय असेल ते लिहून टाका, पोरगी तिकडे वाट बघतेय.’ तर म्हणतात, ‘लिहिलं की सगळ्यांना कळेल.’ काय कळेल, विचारलं तर चपला घालून शेडकडे.

पंचेचाळीस वर्षं संसार केलाय मी यांच्याशी. पोटात काहीतरी आहे. काढते बाहेर. तू धीर धर आणि वेळेवर जेवत जा.

काकू


७ जून

चि. भोंपू,

काकूने चोरून पत्र टाकलं ते मला ठाऊक आहे. तिकीट माझ्या डब्यातलं होतं.

तुझा तो कागद खरा आहे, त्यावरची तारीख खोटी आहे. पुरावा माझ्याकडे आहे. पण तो द्यायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं, म्हणून एवढे दिवस लागले.

साचा दोन तुकड्यांत होता, पुढचा आणि मागचा. सुतारखान्याचं दार अरुंद, त्यातून अख्खा बाहेर निघाला नसता. कारखान्यातल्या आमच्या शेडची फरशी मोरीकडे उतरती होती, धुवायला सोपी म्हणून. तेव्हा मागच्या तुकड्याखाली पाचरी मारायच्या, वर पाणसळ ठेवून सपाट आहे का बघायचं आणि मगच दोन्ही तुकडे जोडायचे. हे काम माझं. त्या दिवशी मी पाचरी मारल्याच नाहीत. नुसतं डोळ्यांनी बघितलं, ‘ठीक आहे’ म्हटलं, बोल्ट आवळले आणि पळालो. कारण चार वाजता एक मुलगी स्टेशनसमोर भेटणार होती. ती आता तुझी काकू आहे, आणि मी हे लिहीत असताना खांद्यावरून वाचतेय.

दादाने साच्याच्या वरच्या कडेपासून माप घेत रेघ मारली. जोडाच्या मागे साचा बोटभर खाली बसलेला, तेव्हा रेघही तिथे उतरली. लक्षात आलं तोवर पत्रा ठोकून झाला होता, आणि दुसरा पत्रा नव्हता. पायरी दिसू नये म्हणून दादाने रेघ हळूहळू खाली नेली आणि शेपटीकडे पुन्हा वर उचलली. घोड्याचा श्वास! अगं, तो मोरीचा उतार आहे.

पांढरबुट्या आला. रेघ बघून लालबुंद झाला आणि उतार बघून तर त्या अंथरलेल्या कागदावरून चक्क खाली उतरला. ‘हे कुणी केलं?’ सगळा कारखाना उभा होता. मी तोंड उघडलं. तेवढ्यात दादा म्हणाला, ‘मी.’ आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. दादाला फोरमनची जागा मिळायची होती, ती त्या दिवशी गेली आणि पुन्हा कधी आली नाही. नंतरही मी त्याला म्हटलं नाही की चल, सांगून टाकू. तो म्हणायचा, ‘गाडी चांगली झाली ना? मग बास.’ मीही बास म्हटलं. मला ते सोयीचं होतं, भोंपू.

पांढरबुट्या त्या संध्याकाळी उशिरापर्यंत गाडीभोवती फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला, सगळ्या गाड्या अश्शाच करा. महिन्याभराने नवे आराखडे आले आणि जुने मागून नेले. नव्यांवर रेघ आणि उतार दोन्ही, तारीख मात्र जुनी.

आता तूच सांग, गाडी व्हायच्या वर्षभर आधी त्याला आमच्या मोरीचा उतार कसा ठाऊक? साचा पाठवतोय. गाडीला लावून बघा, केसाचा फरक निघणार नाही. हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून सही केलीय, मुख्याध्यापिकाबाई साक्षीदार आहेत. ज्याला वाचून दाखवायचं त्याला दाखव. माझं नाव झाकू नकोस.

काका


१४ ऑगस्ट

ती. काका,

साचा लावला. संचालक होते, तीन जाणकार होते, साहेबांचा मुलगा होता. बरोब्बर बसला. मी तुमचा कागद त्यांच्या भाषेत करून वाचून दाखवला. घोड्याचा श्वासवाले जाणकार सारखे खिडकीबाहेर बघत होते.

मग साहेबांचा मुलगा उठला आणि म्हणाला, ‘दुसरं नाव लागलं तर माझ्या नऊ गाड्या उद्या घेऊन जातो.’ झालं. संचालकांनी आठ दिवस मागून घेतले आणि काल नवी पाटी स्वतःच लिहून माझ्या हातात ठेवली. साहेबांचं नाव तेवढं गाळून जशीच्या तशी उतरवते:

‘आखणी: साहेब. बांधणी: परदेशी कारखाना. मागील दारापाशी दिसणारा रेघेचा उतार कारखान्यातील कामगाराच्या चुकीमुळे आलेला आहे.’

कळलं का? कालपर्यंत तो उतार घोड्याचा श्वास होता, तेव्हा तो साहेबांचा. आज ती चूक ठरली तर लगेच तुमची! रेघ मात्र त्यांच्याकडेच राहिली.

मी म्हटलं, या पाटीवर माझी आद्याक्षरं येणार नाहीत. संचालक म्हणाले, ‘ही तडजोड आहे, दोन्ही देश आले की नाही?’ मी म्हटलं, ‘माझे वडील कुठे आले?’ तर म्हणे, तुम्ही मुलगी, तुमचं मत धरता येत नाही. मी विचारलं, ‘मग साहेबांच्या मुलाचं कसं धरता?’ आजपासून मला तळघरात बसवलंय, जुन्या टायरांच्या नोंदी करायला. बसले. सही केली नाही.

एक गोष्ट सांगायची राहिलीय. तुमचं जूनचं पत्र वाचून आठवडाभर मी तुम्हाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. त्या हुकलेल्या जागेपायी आई जन्मभर कुढली. आणि तुम्ही दर रविवारी आमच्याकडे येऊन मला खांद्यावर घेऊन नाचायचात. तो राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण तुम्ही सही केलीत. तेही मी विसरणार नाही.

आता काय करू?

भोंपू


२९ ऑगस्ट

चि. भोंपू,

रागाव. तुझा हक्क आहे, आणि घाईघाईने माफ करू नकोस.

पण त्यांची ही काय रीत? छापा पडला तर ते जिंकले, काटा पडला तर आम्ही हरलो! माझी चूक मी कबूल केली ती दादाची रेघ सोडवायला. यांनी चूक ठेवून घेतली आणि रेघ परत केलीच नाही. आणि वर तडजोड म्हणे! ‘आखणी त्यांची, बांधणी आमची’ हे ऐकायला गोड लागतं, पण त्याचा अर्थ तूच मला एप्रिलात लिहून कळवला होतास. मला दोन झेंडे नकोत. मला एक नाव हवंय, माझ्या भावाचं. ते नसेल तर त्यांची खिडकी त्यांना लखलाभ.

गाडी परत आण. मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र सोबत जोडलंय. बाईंनी पाटीचा मजकूर वाचला, लाल शाईने दुरुस्त केला आणि खाली दहापैकी शून्य गुण देऊन संचालकांना वेगळा धाडलाय.

जगातल्या पन्नासांत नाही बसली तर नाही बसली. मान खाली घालून महालात उभं राहण्यापेक्षा ताठ मानेने शेडमध्ये बरी.

काका


९ ऑक्टोबर

ती. काका,

गाडी निघाली.

संचालक शेवटच्या दिवशी स्वतः तळघरात उतरले. म्हणाले, ‘चुकीचा उल्लेख काढून टाकतो, गाडी राहू द्या.’ मी म्हटलं, ‘चूक राहू द्या, खरीच आहे ती. नाव लिहिता का?’ म्हणाले, ‘ते शक्य नाही.’ म्हटलं, ‘मग पेटी बंद करते.’ खिळे मीच मारले. तीन वाकले. बाबा हसले असते.

रवानगीच्या कागदात ‘देश’ आणि ‘रेखाकार’ असे दोन रकाने असतात, आणि तो कागद भरणं तळघराकडेच येतं. मी भरला. पहिल्यात आपला देश, दुसऱ्यात बाबांचं पूर्ण नाव. जकात नाक्यावरच्या माणसाने दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

प्रदर्शन उद्या उघडतंय. खिडकीजवळची जागा रिकामी आहे, भरायला त्यांच्याकडे वेळच उरला नाही. लोक विचारणार, इथे काय होतं? मला विचारलं तर मी सांगणार. नोकरी गेली तर जाईल. तळघरातून वर यायला जिना आहे, आणि जीभ अजून माझीच आहे.

भोंपू


२३ नोव्हेंबर

चि. भोंपू,

गाडी आली, साचा आला. मुख्याध्यापिकाबाईंनी गाडी आमच्या शेडमध्येच ठेवायला दिलीय. रविवारी दार उघडं असतं. तुमच्याकडे दोरी बांधून ‘हात लावू नये’ लिहितात ना? मी लिहिलंय ‘हात लावून बघा’. पाटीवर दादाचं नाव, चांगलं वीतभर उंचीच्या अक्षरांत. गाडी कुठल्या देशाची म्हणून कुणी विचारलं तर सांगतो, ज्याने आखली त्याच्या देशाची. संग्रहालयाचा नियमच आहे तसा, आणि मला तो हल्ली फार पटतो.

लोक येतात. रेघेवरून बोट फिरवत जातात. मागच्या दारापाशी प्रत्येकाचं बोट खाली उतरतं आणि प्रत्येक जण विचारतो, हे काय? पहिल्या रविवारी मी उगाच दिवा पुसायला लागलो. काकू मागे उभी होती, तिने पाठीला ढोसलं. मग सांगितलं.

काल आमच्या कारखान्यातला जुना रंगारी आला, काठी टेकत. आमच्यातले आता तो आणि मी, दोघेच उरलोय. त्याला दिसत नाही फारसं. त्याने बोट फिरवलं, उतारापाशी थांबला आणि म्हणाला, ‘हा बघ तुझ्या दादाचा घोळ. बिचाऱ्याची जागा गेली यापायी.’

इतकी वर्षं तो हेच समजून होता, भोंपू. सगळे हेच समजून होते, आणि हेच समजून एकेक करून गेले.

मी म्हटलं, ‘नाही रे. रेघ दादाची. घोळ माझा.’

त्याने बोट काढलं नाही. नुसतं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, ‘एवढ्या उशिरा?’

मी म्हटलं, ‘हो. एवढ्या उशिरा.’

तेव्हा सगळा कारखाना उभा होता, तरी मला हे जमलं नव्हतं. काल एकटा रंगारी होता. पण मी म्हटलं.

तुझा
काका